विजेच्या गाडीतला एसी आणि रेंजची धास्ती

उन्हाळा लागला की इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या मनात एक धास्ती घर करते: एसी लावला की बॅटरी निम्म्यावर येणार. मग विदर्भात पारा ४५ अंशांवर गेलेला असतानाही काचा खाली केल्या जातात आणि मागे बसलेली मुलं, म्हातारी माणसं रेंजपायी झळा सोसतात. एसी वीज खातो, हे खरंच आहे. चूक होते ती मोजण्यात. चाकांना लागणारी वीज अंतरावर ठरते, एसीला लागणारी वेळेवर. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटरवर वेटिंग पडत राहतं, तसा एसीचा खर्च गाडी हलो न हलो, मिनिटांप्रमाणे चढत जातो. एवढं लक्षात घेतलं की बहुतेक गैरसमजांचा उलगडा होतो.

सर्वांत जास्त वीज जाते ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापलेला आढळला. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ अंशांच्या आसपास होती. तापलेलं प्लॅस्टिक, सीट, काचा हे सगळं निववताना कॉम्प्रेसर तीन-चार किलोवॉटपर्यंत वीज ओढतो. गाडी एकदा निवली की तोच खर्च साधारण एक ते दीड किलोवॉटवर येतो, म्हणजे तासाला एक ते दीड युनिट. ताशी ८० किलोमीटरने १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो. त्यात एसीचे फार तर दोन युनिट, तर गाडी पळवायला चौदा-पंधरा. शहराच्या गर्दीत ताशी २० ने तेवढंच अंतर कापायला पाच तास लागतात आणि एसीचे पाच-सात युनिट होतात. शहरात एसी जास्त खातो असं वाटतं ते यामुळे, आणि तिथल्यापुरतं ते बरोबरही आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा ३५ अंश तापमानात एसी लावून रेंज सरासरी १७ टक्क्यांनी घटली. उणे ७ अंशांच्या थंडीत हीटर लावल्यावर घट ४१ टक्के होती. १७ टक्के दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत, पण ते निम्मेही नाहीत.

मग खंडाळ्याच्या घाटात दोन तास अडकलो तर? सुट्ट्यांच्या गर्दीत ही शंका रास्तच आहे. पण उभ्या गाडीत मोटर वीज घेत नाही. दोन तासांत एसीचे फार तर तीन युनिट जातील. ४० युनिटांच्या बॅटरीतून म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. पेट्रोल गाडीत एवढ्याच गारव्यासाठी इंजिन दोन्ही तास चालू ठेवावं लागतं आणि धूर मागच्या गाडीच्या तोंडावर जातो.

रेंज खरी कुठे गळते, ते समृद्धी महामार्गावर दिसतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला त्यापायी १०० किलोमीटरमागे सात-आठ युनिट जास्त लागतात, एसीच्या कितीतरी पट. तरीही १२० ने गाडी हाकत एसी बंद करणारे आहेत. वर काचा उघडल्या, तर त्या वेगात हवेचा विरोध आणखी वाढतो. गल्लीबोळातल्या संथ वेगाला, तेही सकाळ-संध्याकाळ, काचा उघडणं परवडतं. दुपारी ४५ अंशांत उघड्या खिडकीतून लूच आत येते.

एसी बंद ठेवला तर बॅटरीला आराम मिळतो, हीही समजूत तितकीच चुकीची आहे. लिथियम-आयन बॅटरी झिजते ती उष्णतेने. म्हणून लिक्विड कूलिंग असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत केबिन गार करणारा कॉम्प्रेसरच गरजेप्रमाणे बॅटरीचं कूलंटही थंड करतो. तुम्ही बटण बंद केलं तरी बॅटरी तापली की तो आपणहून सुरू होतो. भर दुपारी फास्ट चार्जरवर गाडी लावल्यावर बॉनेटखालून पंख्याची घरघर ऐकू येते, ती याचीच. तो बिघाड नव्हे.

वीज वाचवायचीच असेल तर ती सुरुवातीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत वाचवा. गाडी सावलीत लावा, पुढच्या काचेला सनशेड लावा, बसण्याआधी दारं उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. सोय असेल तर निघण्याआधी, प्लग जोडलेला असतानाच, ॲपवरून केबिन गार करून घ्या. ती वीज बरीचशी घराच्या मीटरवर पडते. आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा, तापमान १८ ऐवजी २५ वर ठेवा. आणि चार्ज कमी उरला, चार्जर लांब असला, तर आधी वेग ८० वर आणा. गाडीत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर एसी बंद करू नका. उष्माघाताच्या जोखमीपुढे दहा-पंधरा किलोमीटरची रेंज काहीच नाही.