ज्वारी आपली, कडबा कोणाचा?

मेसमधली ज्वारीची भाकरी आपण कुरकुर करत का होईना, पचवतो. पण त्याच ज्वारीचा कडबा कुणी ताटात वाढला तर? गंमत म्हणजे दोन्हीत ग्लुकोजच आहे! दाण्यात ते स्टार्चच्या रूपात असतं, कडब्यात सेल्युलोजच्या. फरक आहे तो ग्लुकोजचे रेणू जोडणाऱ्या बाँडचा. दाण्यातला अल्फा बाँड आपली लाळसुद्धा तोडते. कडब्यातला बीटा बाँड तोडायला गाईच्या पोटातले जंतू लागतात. मी कॉन्व्हेंटची, ‘कडबा’ हा शब्द मला आजोळी कळला. पण वनस्पतींपासून इंधन बनवण्याचं निम्मं कोडं त्या एका पेंढीत आहे.

उसाच्या मळीत साखर तयारच असते. यीस्ट घातलं की ती आंबते आणि इथेनॉल बनतं. थिअरीप्रमाणे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं, उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. डिस्टिलेशननंतर राहिलेलं थोडं पाणी मॉलिक्युलर सीव्हने काढलं, की माल पेट्रोलमध्ये मिसळायला तयार.

कडबा किंवा भाताचा पेंढा घेतला, तर साखर कुलपात बंद! सेल्युलोजभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनची भिंत असते. आधी वाफ आणि सौम्य आम्ल वापरून ती ढिली करायची, मग एन्झाइमने साखर सुटी करायची, मग यीस्ट. त्यातही हेमिसेल्युलोजमधून निघणाऱ्या झायलोजला नेहमीचं यीस्ट तोंड लावत नाही, आपण मेसमधल्या दुधीला लावत नाही तसं. खर्च वाढतो तो इथे.

तरीही हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या अशा प्लांटचं ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर, अशी त्याची योजना. त्या भागात पुष्कळ पेंढा शेतातच जाळला जातो, त्यामुळे हिशोब पटतो.

पण तोच हिशोब मराठवाड्यात जसाच्या तसा लागू होईल? दुष्काळात इथे कडब्यासाठी वणवण होते. विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर चुली पेटतात. साखरेचंही तसंच. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले.

म्हणून फायनल इयरला बायोफ्युएलचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांना माझी एकच विनंती. रिपोर्टमध्ये ‘ॲग्रिकल्चरल वेस्ट’ असं लिहिण्याआधी गावात जाऊन विचारा, की आज ते कोण खातं आणि कोणाची चूल त्यावर पेटते. यील्डचं कॅल्क्युलेशन त्यानंतर करा.