राबणारे शरीर आणि रक्तदाब

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील ग्रामीण जीवन हे प्रामुख्याने श्रमाचे जीवन आहे. उन्हाळ्यात तेंदूपानांचे संकलन, पावसाळ्यात धानाची रोवणी, एरवी बांबूची तोड आणि बारमाही सरपणाची मोळी, असा येथील कष्टांचा क्रम असतो. साहजिकच, ‘रक्तदाब हा बैठ्या लोकांचा आजार, राबणाऱ्याला तो कसला?’ असे अनेकदा ऐकू येते. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूच्या कारणांमध्ये पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. दर १०० मृत्यूंपैकी सुमारे १४ मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब होय. म्हणूनच श्रम आणि रक्तदाब यांचा संबंध समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रमाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. चालताना किंवा सायकल चालविताना स्नायू आळीपाळीने आवळतात व सैल होतात. मोळी डोक्यावर तोलून धरताना मानेचे आणि रोवणीत तासन् तास वाकून राहताना कमरेचे स्नायू मात्र हालचाल न करता सतत ताणलेले राहतात. या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रीय भाषेत ‘आयसोमेट्रिक’, म्हणजेच स्थिर ताणाचा श्रम असे म्हणतात.

चालत्या स्नायूत रक्ताचा ओघ वाढतो. आवळण्या-सैलावण्याच्या क्रियेमुळे अशुद्ध रक्त हृदयाकडे ढकललेही जाते. स्थिर ताणात याच्या उलट घडते. आवळलेला स्नायू आपल्याच आतील रक्तवाहिन्यांना दाबून धरतो. ताण जितका अधिक, तितका ओघ कमी. जोर फार झाल्यास तो जवळजवळ थांबतो. प्राणवायू अपुरा पडतो, टाकाऊ द्रव्ये साचतात आणि स्नायू भरून येऊन दुखू लागतो.

साचलेल्या द्रव्यांची सूचना मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. तेव्हा हृदयाचे ठोके वाढतात, इतरत्र रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. १९३७ साली आलम व स्मर्क या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. श्रम थांबविल्यावरही स्नायूतील रक्त पट्ट्याने अडवून ठेवले, तर दाब चढलेलाच राहतो आणि पट्टा सोडताच तो उतरतो, असे त्यांना आढळले. पूर्ण ताकदीच्या केवळ ३० टक्के जोराने मूठ काही मिनिटे आवळून धरली, तरी निरोगी माणसाचा खालचा रक्तदाब १६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढणे स्वाभाविक मानले जाते. जड वजन उचलताना श्वास रोखून धरल्यास ही वाढ आणखी तीव्र होते.

मग स्थिर ताण सर्वस्वी अपायकारक समजावा काय? तसे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७० चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, मूठ आवळणे यांसारख्या आयसोमेट्रिक व्यायामांनी विश्रांतीच्या वेळचा वरचा रक्तदाब सरासरी ८ मिलिमीटरने उतरल्याचे त्यात दिसून आले. मात्र असा व्यायाम प्रत्येकी सुमारे २ मिनिटांचा, चार वेळा, मध्ये विसावा घेऊन आणि आठवड्यातून तीन दिवस करावयाचा असतो. पोटासाठी करावयाच्या कष्टाला अशी मर्यादा नसते. दिवसभर ताण आणि अपुरी विश्रांती असेल, तर श्रमातून व्यायामाचे फायदे मिळतीलच असे नाही.

यावरून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. ओझे उचलताना श्वास रोखू नये. तो सोडत उचलावे. वाटेत ओझे उतरवून विसावा घ्यावा. वाकून करावयाच्या कामात अधूनमधून सरळ उभे राहून चार पावले चालावे. ज्यांचा रक्तदाब मुळातच वाढलेला आहे, त्यांनी स्थिर ताणाचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत आणि चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

रक्तदाब मोजण्याची रीतही महत्त्वाची आहे. मोळी उतरवून थेट तपासणीस बसलेल्या माणसाचा दाब वाढलेला दिसणारच. म्हणून तपासणीपूर्वी ५ मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी आणि अर्धा तास आधीपासून खर्रा, तंबाखू व चहा टाळावा. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा. अधांतरी धरलेला हात हाही स्थिर ताणच होय. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास उपचार आवश्यक ठरतात.

वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. तो मोजल्यावाचून कळत नाही. ग्रामसभेच्या दिवशी उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांकडून तपासणीची सोय करणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांमार्फत हा निरोप घरोघर पोहोचवावा. कुटुंबाचा भार वाहणाऱ्या माणसाचीच तपासणी बहुधा राहून जाते. तीस वर्षांवरील प्रत्येक कष्टकरी स्त्री-पुरुषाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला गेला, तर पक्षाघाताने अंथरुणाला खिळणारी कितीतरी माणसे वाचू शकतील.