‘राजपूत’ : एका विनाशिकेची चौतीस वर्षे

‘विनाशिका’ हा शब्द उच्चारताच प्रचंड युद्धनौकेचे चित्र मनासमोर उभे राहते. प्रत्यक्षात ही नौका सडपातळ, वेगवान आणि पातळ पत्र्याची असते. मोठ्या नौकांची राखण करणे, शत्रूच्या पाणबुड्यांना हुसकावून लावणे हे तिचे नित्याचे काम. भारतीय नौदलाची पहिली ‘राजपूत’ अशीच एक राखणदार नौका होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटनला पुष्कळ विनाशिका आणि त्याही त्वरेने हव्या होत्या. युद्धापूर्वीच्या ‘जे’ वर्गातील विनाशिकांवर जोडतोफा होत्या. परंतु त्यांची उभारणी खर्चिक आणि वेळखाऊ असे. म्हणून ‘आर’ वर्गाच्या नौकांसाठी सांगाडा त्याच धर्तीचा घेऊन त्यावर ४.७ इंची चार सुट्या तोफा बसविण्यात आल्या. मारा कमी झाला खरा, पण वाचलेल्या जागेत अधिक इंधन मावले. लांबी ३५८ फूट, रुंदी जेमतेम ३६ फूट, वजन सुमारे १,७०० टन आणि टर्बाइनची शक्ती ४०,००० अश्वशक्ती! त्यामुळे ताशी ३६ सागरी मैलांचा वेग तिला गाठता येई. आठ पाणतीर सोडण्याची सोयही तिच्यावर होती.

आणखी एक बदल दिसायला किरकोळ, पण मोठ्या शहाणपणाचा होता. तोपर्यंत अधिकाऱ्यांची निवासस्थाने परंपरेने नौकेच्या मागील टोकाला असत. खवळलेल्या समुद्रात लाटा उघड्या डेकवरून वाहू लागल्या की त्यांना संचालन कक्षापर्यंत पोहोचणे दुरापास्त होई. या वर्गात ती निवासस्थाने पुढे आणण्यात आली.

पाणबुडीविरुद्धचे तिचे अस्त्र म्हणजे ‘डेप्थ चार्ज’. स्फोटकांनी भरलेले हे पिंप पाण्यात सोडले की ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबाने त्याचा स्फोट होतो. ते पाणबुडीला प्रत्यक्ष लागावेच लागते असे नाही. जवळ झालेल्या स्फोटाचा हादराही तिचे कवच फोडू शकतो.

क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन यांच्या गोदीतून २१ मार्च १९४२ रोजी ही नौका पाण्यात उतरली. तेव्हा तिचे नाव ‘रॉदरहॅम’ होते. तिची युद्धसेवा मुख्यतः हिंदी महासागरातील ब्रिटिश ताफ्यात झाली. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या नाविक तळावरील जपान्यांची शरणागती तिच्याच कप्तानाने स्वीकारली. तेथील एका प्रवेशद्वाराला तिचे नाव देण्यात आले.

१९४९ मध्ये भारताने या वर्गातील तीन नौका घेतल्या. ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ झाली, ‘रिडाउट’ची ‘रणजित’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’. नावे बदलली तरी आद्याक्षर कायम राहिले! १९६१ च्या गोवा मुक्तिसंग्रामात ‘राजपूत’ विमानवाहू ‘विक्रांत’च्या गटात होती.

१९७१ साल उजाडेतो ती जुनी झाली होती आणि तिच्या निवृत्तीचे विचार चालू होते. त्याच वेळी ‘विक्रांत’च्या बाष्पकाला तडा गेल्याने तिचा वेग मर्यादित झाला होता. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी नोव्हेंबरमध्ये कराचीहून निघाली, ती याच ‘विक्रांत’च्या शोधात. बंगालच्या उपसागरापर्यंतचा पल्ला गाठू शकणारी पाकिस्तानची ती एकमेव पाणबुडी होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानकडे दूर ठेवले आणि ‘राजपूत’ला तिचे सोंग दिले. मोठ्या जहाजालाच शोभेल असे भरघोस बिनतारी संदेश ही विनाशिका विशाखापट्टणमपासून दूर समुद्रातून पाठवू लागली. शत्रूने कान टवकारावेत हाच हेतू होता. तो सफल होणे म्हणजे ‘राजपूत’वरील शेकडो खलाशांनी स्वतःवर पाणतीर ओढवून घेणे, हे विसरून चालणार नाही.

३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली ‘राजपूत’ विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडली. वाटेत पाण्यात संशयास्पद खळबळ दिसताच त्यांनी दोन डेप्थ चार्ज टाकविले. काहीच वर आले नाही. नौका पुढे गेली. मध्यरात्रीनंतर शहराला एका प्रचंड स्फोटाचा हादरा बसला. पुढे कोळ्यांना तरंगते अवशेष सापडले, पाणबुडे खाली उतरले आणि तळाशी ‘गाझी’ असल्याची खात्री पटली. तिच्यावरील नव्वदहून अधिक नौसैनिकांपैकी कोणीही वाचले नाही.

‘गाझी’ कशामुळे बुडाली, याविषयी मात्र एकमत नाही. भारतीय नौदलाने श्रेय ‘राजपूत’ला दिले आणि इंदर सिंग यांना वीरचक्र प्रदान झाले. स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर ती आदळली किंवा आतच स्फोट झाला, असे पाकिस्तानी बाजूने सांगितले जाते. पाणबुडीच्या पुढच्या भागाची झालेली हानी दोन्ही पक्ष आपापल्या परीने पुढे करतात. ‘गाझी’ला त्या किनाऱ्याजवळ खेचून आणण्याची कामगिरी मात्र निःसंशय या वृद्ध नौकेच्या संदेशांनी बजावली, असे आम्हांस वाटते.

१९७६ मध्ये ‘राजपूत’ मोडीत निघाली. तिचे नाव ४ मे १९८० रोजी सोव्हिएत बनावटीच्या नव्या विनाशिकेला मिळाले. ती दुसरी ‘राजपूत’ २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणम येथेच निवृत्त झाली.