चिल्लरीतला ऐवज

दुर्मीळ नाणे सापडण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक म्हणजे रोजची चिल्लर: वाण्याने परत दिलेली मोड, घरातला गल्ला, बँकेतून आणलेली सुट्ट्यांची पिशवी. दुसरी म्हणजे जुनी नाणी विकणाऱ्याने समोर ओतून ठेवलेला ढीग, ज्यातले कुठलेही नाणे उचला, भाव एकच. दोन्हीकडे नाणे देणाऱ्याला त्याची खरी किंमत ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला असते. ज्याला नशीब म्हटले जाते ते बहुधा एवढेच असते.

जुने नाणे म्हणजे महागडे नाणे, ही समजूत आधी सोडावी लागते. शिवराज्याभिषेकाच्या काळापासून पाडली जाऊ लागलेली आणि पेशवाईतही चालू राहिलेली तांब्याची शिवराई इतकी विपुल आहे की जुन्या बाजारात ती आजही परवडणाऱ्या भावात मिळते. उलट काही दशकांपूर्वीचे नाणेही लाखमोलाचे असू शकते. टांकसाळीत चूक झाली, एखाद्या साली नाणी कमी पाडली गेली किंवा पुढे धातू बदलल्याने आधीच्या नाण्यातला धातूच दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला, की नाण्याचा भाव वाढतो. यातली चूक सर्वांत रंजक.

सर्वांत गाजलेली चूक अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी तांबे हवे होते, म्हणून १९४३ साली एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले. त्या साली अशी शंभर कोटींहून अधिक चंदेरी नाणी निघाली. परंतु आदल्या वर्षीच्या कांस्याच्या काही कोऱ्या चकत्या यंत्रसामग्रीच्या सांदीकोपऱ्यात अडकून राहिल्या असाव्यात. त्या नव्या ठशाखाली आल्या आणि १९४३ सालाची तांबूस नाणी बाहेर पडली. आज सेंट पाडणाऱ्या तिन्ही टांकसाळींची मिळून अशी वीसच्या आसपास नाणी माहीत आहेत.

त्यांतले एक १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात, जेवणाच्या पैशांतून परत आलेल्या मोडीत मिळाले. रंगावरून त्याला शंका आली. असे नाणे आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देतात, अशी अफवा तेव्हा पसरली होती. मुलाने फोर्ड कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा ती खोटी ठरली. सरकारी कोषागाराने तर १९४३ ची सर्व सेंट नाणी पोलादाचीच आहेत, असे कळवून टाकले. तरीही त्याने ते नाणे मोडले नाही, विकलेही नाही. आपल्या संग्रहात आयुष्यभर जपून ठेवले. २०१९ च्या जानेवारीत, त्याच्या निधनानंतर काही महिन्यांनी, लिलावात त्या नाण्याला २ लाख ४ हजार डॉलर मिळाले. ती रक्कम त्याच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी होती. खात्याने नाही म्हटल्यावरही हातातल्या नाण्यावर विश्वास ठेवणारा हा मुलगा नाणेसंग्राहकांत आदराने आठवला जातो, आणि तो आदर रास्तच आहे.

नाण्याची कीर्ती झाली तशा नकलाही आल्या. पोलादी नाण्याला तांब्याचा मुलामा द्यायचा, हा एक प्रकार. लोहचुंबक जवळ नेताच ते चिकटते आणि लबाडी उघडी पडते. दुसरा प्रकार १९४८ च्या अस्सल कांस्य नाण्यातला ८ कोरून त्याचा ३ करण्याचा. तेथे चुंबक उपयोगी नाही. भिंगाखाली आकड्याचे वळण पाहावे लागते. खऱ्या १९४३ मधल्या ३ चे शेपूट इतर आकड्यांच्या ओळीखाली चांगलेच लांब उतरलेले असते, ८ कापून केलेल्या ३ चे तसे नसते.

१९५५ ची चूक निराळ्या जातीची. नाणे पाडण्याचा ठसा तयार करताना त्या काळी पोलादाच्या तुकड्यावर मूळ साचा एकदा दाबून भागत नसे. दाबलेला तुकडा भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा त्याच जागी बरोबर दाबायचा. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका ठशाच्या बाबतीत दुसरा दाब किंचित फिरून बसला. त्या ठशाने पाडलेल्या सेंटवर साल आणि अक्षरे दुहेरी उमटली, तीही भिंगाशिवाय दिसतील इतकी. चूक तपासनिसांच्या ध्यानात येईपर्यंत वीस हजारांहून अधिक नाणी बाकीच्या चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा तो तसाच बाहेर जाऊ द्यायचे ठरले. त्यांतली बरीच सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती पडली. पाकीट २३ सेंटचे आणि विक्रीयंत्र घेणार पंचवीसचे नाणे. म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच सारून ठेवलेले असत.

या नाण्यामुळे पुढे नवख्यांची फसगतही पुष्कळ झाली. नाणे पाडताना ठसा जरासा सैल असेल किंवा थरथरला तर अक्षराची कड चपटी होऊन पायरीसारखी सरकते. असे नाणे पहिल्या नजरेला दुहेरीच वाटते, पण त्याला वेगळी किंमत नाही. ठशातच दोष असेल तर दोन्ही अक्षरे सारखीच उठावदार आणि गोलाईची असतात आणि त्यांच्या टोकांना खाच दिसते. हा फरक डोळ्यांत बसायला शेकडो साधी नाणी पाहावी लागतात.

ब्रिटनमध्ये २००८ साली नाण्यांची चित्रे बदलली. वीस पेन्सच्या नाण्यावरचे साल मागच्या बाजूवरून राणीच्या चेहऱ्याच्या बाजूला आणायचे होते. काही नाण्यांसाठी नव्या मागच्या ठशाबरोबर राणीचा जुनाच ठसा वापरला गेला आणि साल दोन्ही बाजूंना नाही, असे नाणे चलनात आले. तीनशेहून अधिक वर्षांत असे बिनसालाचे नाणे तेथे चलनात आले नव्हते. पण अशी नाणी हजारोंच्या संख्येने निघाली, म्हणून किंमतही माफक राहिली: दर्शनी किमतीच्या शेकडो पट, लाखो पट नव्हे. क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानाच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त २००९ साली काढलेल्या पन्नास पेन्सच्या नाण्यात चूक काहीच नाही; अशी नाणी २ लाख १० हजारच पाडली गेली, एवढ्यावर त्याला मागणी आहे.

धातूचा शोध घेणारे संग्राहक वेगळ्या पद्धतीने काम करतात. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांत नव्वद टक्के चांदी असे. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोहोंतली चांदी गेली, अर्ध्या डॉलरमधली चाळीस टक्क्यांवर आली आणि १९७० नंतर तीही थांबली. म्हणून हौशी मंडळी बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या आणतात, कडा पाहतात, चांदीची काढून घेतात आणि बाकीची परत भरतात. नाण्याच्या कडेवर तांब्याची रेघ दिसली नाही की हात थांबतो.

भारतात चिल्लरीपेक्षा ढीग अधिक फळतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, क्वचित सराफाकडे मोडीत आलेल्या चांदीतही कलदार रुपये वजनावर मिळून जातात. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालाचा तोळाभर वजनाचा रुपया त्यांत हमखास असतो, कारण १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत ठशावर तसेच ठेवले गेले. मुंबई टांकसाळीने मात्र सालाच्या आसपास बारीक ठिपके देऊन नाणे प्रत्यक्षात कधी पाडले याची खूण ठेवली. ठिपक्यांच्या काही जुळण्या सर्रास आढळतात, काही अतिशय विरळ. विकणारा वजन पाहतो, घेणारा ठिपके मोजतो.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया याच ढिगात शोधला जातो. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हातल्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुस्लिम प्रजेची नाराजी झाली, नाणी मागे घेतली गेली, बहुतेक वितळवली गेली आणि १९१२ च्या नाण्यात हत्ती सुधारला गेला. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा सर्वांत दुर्मीळ. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आल्याने आधीची भारी नाणी लोकांनी साठवली आणि आटवली. १९३९ सालाच्या बनावट नाण्यांपासून सावध राहावे लागते.

आजच्या भारतीय चिल्लरीत चांदी नाही आणि पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तरी सालाखाली पाहण्यासारखे असते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नसते. १९८५ च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे एच अक्षर सापडते. ही नाणी संग्रहात जरूर ठेवावीत, पण वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ चे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखोंना जाते, या जाहिरातींना कसलाही आधार नाही.

वेगळे नाणे हाती आले तर ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये; वरचा थर निघाला की किंमतही उतरते. वजन करावे, चुंबक लावावे, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत आणि जाणकाराला दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, शहरोशहरी नाणेसंग्राहकांच्या संघटना आहेत. नाणे जमिनीत पुरलेले सापडले असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि जुन्या नाण्याला मोठी रक्कम मिळवून देतो म्हणून कोणी आधी कमिशन किंवा कर भरायला सांगितले, तर एक पैसाही देऊ नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की बँक अशा व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कधीही शुल्क मागत नाही.