जिथं अडलं, तिथून पुढं

प्रयोगशाळेतून जनुकक्रमाचा कच्चा डेटा आला की संगणकावर कामांची साखळी सुरू होते: दर्जाची तपासणी, संदर्भ-जनुकक्रमाशी जुळणी, फरकांचा शोध आणि शेवटी अहवाल. नमुने शंभरेक असले, तर हे काम दिवसचे दिवस चालतं. मध्यरात्री एखादी पायरी कोसळली, तर सकाळी पहिले पाढे पंचावन्न म्हणायचे का?

यावरचं जुनं उत्तर म्हणजे 'मेक'. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. तो फाइलींच्या वेळा पाहतो. तयार फाइल मूळ फाइलपेक्षा नवी असेल, तर ते काम झालं असं धरून पुढं सरकतो. पण मध्येच बंद पडलेल्या पायरीनं अर्धवट लिहिलेली फाइलही नवीच दिसते! म्हणून अशी फाइल पुसून टाकण्याची सूचना त्याला आधीच देऊन ठेवावी लागते.

बार्सिलोनाच्या सेंटर फॉर जिनोमिक रेग्युलेशनमध्ये जन्मलेलं 'नेक्स्टफ्लो' जास्त काटेकोर आहे. प्रत्येक कामाची आज्ञावली आणि त्यात जाणारा डेटा यांवरून ते एक खूण काढतं आणि 'वर्क' फोल्डरमध्ये त्या खुणेच्या नावानं वेगळा कप्पा करतं. साखळी तुटली की टर्मिनलवर तीच कमांड पुन्हा द्यायची आणि शेवटी '-रिझ्यूम' जोडायचं. खूण जुळते आणि निकाल जागेवर आहे, ती कामं वगळली जातात; उरलेली तेवढीच चालतात.

मात्र एंटर दाबण्याआधी अडलेल्या कामाचा कप्पा उघडावा. त्यातल्या 'एक्झिटकोड' नावाच्या लपलेल्या फाइलीत नुसता एक आकडा असतो. शून्य म्हणजे काम फत्ते. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ हा 'किल' संकेताचा क्रमांक. बहुतेक वेळा मेमरी अपुरी पडल्यामुळं ते काम सक्तीनं बंद केलेलं असतं. अशा वेळी मेमरीची मर्यादा न वाढवता 'रिझ्यूम' केलं, तर काम त्याच जागी पुन्हा पडणार. मर्यादा वाढवल्यानं आधीचे निकाल बाद होत नाहीत.

दोन पथ्यं पाळा. मूळ फाइलींना विनाकारण हात लावू नका. नाहीतर मजकूर तोच असला, तरी बदलाची वेळ सरकल्यानं खूण बदलते आणि काम नव्यानं सुरू होतं. आणि डिस्क भरली म्हणून 'वर्क' फोल्डर घाईनं उडवू नका. अंतिम अहवाल तपासून होईपर्यंत तो ठेवाच. तो गेला, की 'रिझ्यूम'ला काही अर्थ उरत नाही.