वणव्याच्या गावातली पदवी

२०२१च्या डिक्सी वणव्यात कॅलिफोर्नियातली साडेनऊ लाख एकरांहून जास्त जमीन जळाली, प्लुमस काउंटीतलं ग्रीनव्हिल गाव बेचिराख झालं. त्याच काउंटीतल्या फेदर रिव्हर कम्युनिटी कॉलेजाने परिसंस्थेचं पुनरुज्जीवन आणि अग्निव्यवस्थापन यांची एकत्रित पदवी आणली. ही सांगड अगदी योग्य आहे. शतकभर दिसेल ती आग विझवत राहिल्याने पाइनच्या रानात वाळका पाचोळा आणि दाट झुडपं साचली. आता ते कमी करायला वारा आणि हवेतला ओलावा पाहून, जाळरेषा आखून मुद्दाम हलकी आग लावावी लागते. त्यासाठी झाडामातीची जाण हवीच. या पदवीवर राज्यातल्याच हम्बोल्टच्या विद्यापीठातही असाच अभ्यासक्रम असल्याचा आक्षेप आला. पण हम्बोल्ट पडलं दूर किनाऱ्यावर. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या स्थानिकांना ते कसं परवडणार? ही पदवी प्लुमसमध्येच हवी.