चौकटीत लिहिलेलं नेमकं कोण वाचतं?

ऐन पाडव्याला, ९ एप्रिल २०२४ रोजी, रस्ट भाषेची १.७७.२ ही आवृत्ती आली आणि तीव्रतेच्या मापावर १० पैकी १० गुण मिळवणारी एक त्रुटी जगजाहीर झाली. ‘रस्टसुद्धा असुरक्षित’ हा मथळा लगोलग सगळीकडे फिरला. तो अन्यायकारक आहे. अशाच त्रुटीसाठी नोड जेएसने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती काढली, पीएचपीलाही ती काढावी लागली. खरी गोम विंडोजच्या जुन्या रीतीत आहे.

लिनक्सवर एका प्रोग्रामने दुसरा सुरू केला की आर्ग्युमेंट्सची यादी यादी म्हणूनच पोचते. विंडोजवर मात्र सगळं मिळून एकच लांबलचक ओळ जाते आणि तिचे तुकडे समोरचा प्रोग्राम आपल्या नियमांनी पाडतो. व्हिज्युअल स्टुडिओत डीबगिंगसाठी ‘कमांड आर्ग्युमेंट्स’ची चौकट भरणाऱ्यांना याचा त्रास ओळखीचा असेल. पाथमध्ये स्पेस आहे म्हणून तुम्ही "डी:\माझी कामे\" असं अवतरणात लिहिता. शेवटचा बॅकस्लॅश बंद होणाऱ्या अवतरणचिन्हालाच एस्केप करतो, अवतरण उघडंच राहतं आणि पुढचं आर्ग्युमेंटही पाथला चिकटतं. शेवटी दोन बॅकस्लॅश दिले की काम होतं. नवख्या मुलांची अख्खी दुपार यात जाते आणि ती बिचारी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात.

हे नियम सी भाषेच्या रनटाइमचे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे सीएमडीला, ते ठाऊकच नाहीत. तिथे एस्केपसाठी ^ लागतं आणि दोन % चिन्हांमधलं नाव अवतरणातही उलगडतं. रिओटाके या नावाने लिहिणाऱ्या सुरक्षा संशोधकाने नेमकी हीच फट दाखवली. प्रोग्रामने बॅट फाइल, म्हणजे सीएमडीच्या आज्ञांची फाइल, चालवली की विंडोज न सांगता सीएमडीला मध्ये आणतं. आर्ग्युमेंटमध्ये कोणी "& आणि पुढे कॅल्क्युलेटरचं नाव लिहिलं, तर रस्ट अवतरणचिन्हामागे इमानदारीने बॅकस्लॅश लावत असे. सीएमडीच्या लेखी त्याला काही अर्थ नाही; अवतरण तिथेच संपतं, & म्हणजे पुढची आज्ञा, आणि कॅल्क्युलेटर उघडतो. कॅल्क्युलेटरच्या जागी दुसरं काहीही असू शकतं.

मला सर्वांत आवडला तो रस्टच्या चमूचा प्रामाणिकपणा. सगळ्या शक्यता झाकणारं एस्केपिंग आपल्याला सापडलं नाही, असं त्यांनी उघड लिहिलं. जिथे खात्री नाही तिथे आता प्रोग्राम सुरूच होत नाही, सरळ एरर परत येते. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट बनवणाऱ्यांनीही हा धडा घ्यावा आणि एका ओळीची चौकट काढून टाकावी. व्हीएस कोडच्या लाँच फाइलमध्ये आर्ग्युमेंट्स यादी म्हणून लिहिता येतात. जेसनमुळे तिथे प्रत्येक बॅकस्लॅश दुहेरी लिहावा लागतो हे खरं, पण कुठलं आर्ग्युमेंट कुठे संपलं हे डोळ्यांना दिसतं.

बॅट फाइलच्या या त्रुटीवर जावाच्या बाजूने मात्र २०२४ मध्ये ‘दुरुस्ती करणार नाही’ असंच उत्तर आलं होतं. त्यामुळे जावातून बॅट फाइल चालवणाऱ्यांनी बाहेरून आलेला मजकूर तिच्या आर्ग्युमेंटमध्ये जाऊच देऊ नये.